भिंतीवरची पाठमोरी मुलगी

बाबा,

त्या बगदादच्या मुलीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. शेवटच्या आठवड्यातही तुम्ही तेच विचारत होतात, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, तर तुम्ही नाही. इतक्या वर्षांनी आजच का लिहायला बसले, तेही सांगते, पण शेवटी. आधी सगळं क्रमाने लिहिते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. आधी हिस्ट्री नीट घ्या, मग बोला, असं तुम्ही तुमच्या ज्युनियर डॉक्टरांना सांगायचात, आणि शाळेतून रडत आले की मलाही.

तेव्हा मी साउथहॅम्प्टन बंदराच्या डॉक्सजवळच्या जुन्या गोदामात काम करायचे. खाली कार्पेटचं दुकान, वर आमचं कम्युनिटी आर्ट सेंटर. तुम्ही त्याला ‘तुझा तो छापखाना’ म्हणायचात, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. माझा अर्धा दिवस त्या मोठ्या प्रिंटरशेजारी उभं राहण्यात जायचा. इराकचं युद्ध सुरू होऊन काही वर्षं झाली होती. साउथहॅम्प्टनच्या पाण्यातून लष्करी सामान भरून जहाजं गेलेली आपण पाहिली होती, आणि आता टीव्हीवर तेच धुराचे लोट बघून लोक चॅनल बदलायला लागले होते. आमची मॅनेजर एक स्कॉटिश बाई होती. तिच्या डोक्यात आलं की तिथे जे राहतायत त्यांनाच चित्रं पाठवायला सांगू. मेलने फाइल येईल, आपण ती मोठी छापू आणि लावू. मी इंटरनेटवर ठिकठिकाणी निरोप टाकले, आणि हळूहळू चित्रं यायला लागली. बरीचशी रडणाऱ्या डोळ्यांची आणि कबुतरांची होती. मग एका सकाळी तिची फाइल आली.

तो एका गल्लीचा फोटो होता. गल्लीच्या मधोमध, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी पोचणार नाहीत इतकी उंच काँक्रीटची भिंत. तिथे तेव्हा एका वस्तीला दुसरीपासून तोडणाऱ्या अशा भिंती रातोरात उभ्या राहायच्या. आणि त्या भिंतीवर स्प्रे पेंटने काढलेली एक बेकरी, खऱ्या मापाची. भट्टीचं तोंड, लांब दांड्याचं लाकडी उलथनं धरलेला जाडगेला माणूस, फळीवर रोट्यांची चळत. खाली तिनं इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, ‘बेकरी भिंतीच्या मागे बरोबर याच जागी आहे. आता तिथे जायला दोन चेकपॉइंट ओलांडावे लागतात. म्हणून मी ती पुढे आणली.’

ती कमर्शियल आर्टच्या कॉलेजात शिकत होती, कॉलेज बंद पडलं होतं. आईबरोबर राहायची. भाऊ आधीच देश सोडून गेला होता. वीज असेल तेव्हा ती जुन्या कॉम्प्युटरवर, साध्या माऊसने, गल्लीच्या फोटोवर चित्र बसवून बघायची. भट्टी कुठे येईल, माणसाचे खांदे किती उंचीवर येतील, सगळं. मधेच वीज गेली तर हातात उरेल तेवढंच पाठवायची; एका चित्रात निम्मा रस्ता रंगलेला आणि निम्मा राखाडी होता, आणि आम्ही तो तसाच छापला. मग कर्फ्यू उठल्या उठल्या, माणसं बाहेर पडायच्या आत, भावाचं जॅकेट घालून, केस टोपीत कोंबून ती बाहेर पडायची. बेकरीनंतर तिनं न्हाव्याचं दुकान काढलं, मग रसवाल्याची गाडी. भिंतीने जे जे गिळलं होतं, ते ते ती भिंतीच्या अलीकडे काढून ठेवत होती.

मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. भिंत आणि रंग हा विषय आपल्या घरात निघत नसे. मी सात वर्षांची असेन, आपण साउथहॅम्प्टनच्या शर्ली भागातल्या त्या घरात नवीनच राहायला आलो होतो. शाळेची वेळ झाली तरी तुम्ही दिसेनात म्हणून मी मागच्या दाराने बाहेर येते, तर तुम्ही गॅरेजच्या भिंतीशी बसलेले आहात. टाय लावलेला, बाह्या वर केलेल्या, हातात तारेचा ब्रश, शेजारी बादली, आणि थिनरचा वास. बरीचशी अक्षरं गेलेली आहेत. मला नुकतंच वाचता यायला लागलंय, म्हणून उरलेला शब्द मी मोठ्यानं वाचते, ‘होम’. आधीचा ‘गो’ पुसट झालेला आहे. तुम्ही वळून बघता. तुमचा चेहरा मी तोपर्यंत तसा कधीच पाहिला नव्हता.

“भिंतीवर कुणी काय लिहिलंय ते आपण वाचायचं नाही. कळलं? आत जा.”

मी आत गेले. आईनं टोस्टला लोणी लावलं, रेडिओ लावला. तुम्ही हात धुऊन हॉस्पिटलला गेलात आणि नेहमीसारखं त्या दिवशीही माणसांना भूल देऊन ऑपरेशनसाठी झोपवलंत. पण नंतर कितीतरी वर्षं, संध्याकाळी घरी येताना तुम्ही गाडी आधी घरावरून पुढे न्यायचात, कोपऱ्यावरून वळवून परत आणायचात आणि मग पार्क करायचात. मला वाटायचं, पार्किंगची काहीतरी अडचण असेल. तुम्ही रोज आधी ती भिंत बघून घेत होतात, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

म्हणून त्या रविवारी, रंग तपासायला घरी आणलेले प्रिंट्स मी किचनच्या टेबलावर पसरले तेव्हा तुम्ही आत याल असं मला वाटलं नव्हतं. आई थालीपीठ थापत होती. तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात, दिवसभर घरात इकडून तिकडे फिरायचात. चष्मा लावून तुम्ही टेबलाशी आलात. बेकरी बघितली नाहीत, न्हावी बघितला नाहीत. तिनं कापलेल्या स्टेन्सिल्स वाळत घातल्या होत्या, त्याचा एक साधा फोटो होता, तो उचललात.

“हे एक्स-रे आहेत,” तुम्ही म्हणालात.

“हो बाबा. ती त्यातूनच स्टेन्सिल्स कापते. जवळचं क्लिनिक बंद झालंय ना, तिथले जुने आहेत.”

तुम्ही फोटो खिडकीपाशी नेलात आणि उजेडाकडे धरलात, जणू तीच फिल्म होती. “चेस्ट आहे. हा वर डाग बघ.” बराच वेळ बघितलंत. तिनं त्या फिल्ममधून माणसाचा हात आणि खांदा कापून काढला होता. उरलेल्या बरगड्या तशाच होत्या. “याला ट्रीटमेंट मिळाली असेल का कोण जाणे,” तुम्ही म्हणालात, आणि मग, खुर्ची ओढून बसत, “कोण आहे ही मुलगी?”

आई म्हणाली, “अहो, आधी खाऊन घ्या, गरम आहे.” तुम्ही खाता खाता सगळे प्रिंट्स बघितलेत. त्या दिवसापासून तुमचा फोन आला की आधी तिचीच चौकशी. “तुझी आर्टिस्ट काय म्हणते?” मला आनंद व्हायचा, आणि कुठेतरी धास्तीही वाटायची; तुम्ही एखाद्या पेशंटची इतकी चौकशी करायला लागलात की आई म्हणायची, त्या पेशंटचं काही खरं नाही.

धास्तीचेच दिवस होते ते. लंडनच्या ट्रेनमध्ये बॉम्ब फुटल्यापासून तिकडे हॅरोला मावशीकडे जायचं असलं की तुम्ही आदल्या दिवशी फोन करायचात, “पाठीवर सॅक नको. हातात पिशवी घे. आणि कोट उघडा ठेव.” मी चिडायचे. पण ट्रेनमध्ये बसल्यावर कोटाची बटणं काढायचे, आणि समोरची बाई माझ्याकडे बघून उठून दुसरीकडे बसली की मला तिचा राग यायच्या आधी स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही. आमच्या सेंटरनं रस्त्यावरच्या खिडकीत प्रदर्शनाचं पोस्टर लावायचं ठरवलं, त्यावर तिनं अरबीत लिहून दिलेलं प्रदर्शनाचं नाव होतं. तुम्ही म्हणालात, “खिडकीत अरबी अक्षरं लावू नका. काच फुटेल.” मॅनेजरला मी हे सांगितलं तर ती हसली, “इट्स जस्ट अ पोस्टर, लव्ह.” पोस्टर लागलं. त्यानंतर रोज सकाळी कोपऱ्यावरून वळताना मी आधी ती काच बघायचे. तुमचीच मुलगी.

मग तिकडून एक वाईट मेल आला. भिंतीवरच्या माणसांचे चेहरे कुणीतरी काळ्या रंगानं पुसून टाकले होते. बेकरीवाल्याला चेहरा नाही, न्हाव्याला नाही, खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही नाही. बाकी काही बिघडवलं नव्हतं, रोट्यांना धक्कासुद्धा लावला नव्हता. मी लिहिलं, आता थांब. तिनं उत्तर दिलं, ‘चेहरे मी कॉम्प्युटरवर परत घालते, तुम्ही तेच छापा. आणि भिंतीवर आता बिनचेहऱ्याच्या वस्तूच काढेन. खुर्चीला कोण मारणार?’ पुढे एक हसरी खूण होती. ती खूण मला अजून दिसते.

त्यानंतर काही दिवसांनी तो दुसरा मेल. सकाळची वेळ, प्रिंटर गरम होत होता, मी कोट काढत काढत फाइल उघडली. पुन्हा तीच भिंत. बेकरीच्या बाजूला, जिथे काँक्रीट कोरं होतं, तिथे एक नवीन चित्र. पाठमोरी मुलगी. मोठ्ठं जॅकेट, टोपी, खांद्याला पिशवी, उजवा हात वर आणि हातात स्प्रेचा डबा. एका बुटाची टाच दुमडलेली. खाली अरबीत एक ओळ.

मला वाटलं, हिनं स्वतःचंच चित्र काढलंय. छान आहे, असं मनात आलंसुद्धा. मग मी मेल वाचला. ‘हे मी काढलेलं नाही. आज सकाळी गेले तर होतं. माझी टाच अशीच दुमडलेली असते, आईची रोज बोलणी खाते. तिथे उभ्या उभ्या मी माझ्या बुटांकडे बघितलं.’ आणि ओळीचा अर्थ? ‘काही नाही, तुझ्या हातांना आयुष्य लाभो, अशी आमच्याकडे शाबासकी देतात.’

बाबा, मी प्रिंटर बंद केला. कुणीतरी तिच्या मागे उभं राहून, किंवा एखाद्या खिडकीतून, कितीतरी सकाळी तिला बघत होतं. बूट दिसावेत इतक्या जवळून. आणि त्यानं काही केलं नव्हतं. तिच्याइतक्याच सफाईनं, तिच्याच मापात, तिचं चित्र काढलं होतं. माझ्या मागे तेव्हा फक्त कागदांचे रोल होते, तरी मी वळून बघितलं.

मी तो फोटो छापला आणि थेट तुमच्याकडे आले. तुम्ही बघितलंत आणि फोन उचललात. तुमच्या ऑपरेशन थिएटरमधले इराकी सर्जन, ज्यांना आम्ही लहानपणापासून डॉक्टर अंकल म्हणायचो, ते संध्याकाळी क्लिनिक संपवून आले. तुम्ही दोघं वीस-बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून काम केलेले. ते कापायचे आणि तुम्ही पेशंटचा श्वास सांभाळायचात. त्यांनी कोटही काढला नाही. किचनमध्ये उभ्यानंच ओळ वाचली आणि परत वाचली.

“ती म्हणाली, शाबासकी आहे,” मी म्हटलं.

“नाही. तसं नाहीये हे.” ते इंग्लिशमध्येच बोलत होते, पण आवाज एकदम बारीक झाला होता. “इथे लिहिलंय, ‘बाळ, तुझी आई वाट बघतेय. पुन्हा येऊ नकोस.’”

आईनं गॅस बंद केला.

“धमकी आहे?” तुम्ही विचारलंत.

“मला सांगता येत नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “माझ्या आजोबांनीही हे असंच म्हटलं असतं. अगदी हेच शब्द. शेजारचा म्हातारा मायेनं असंच बोलेल. आणि ज्याला मारायचंय, तोही असंच लिहील. आईचं नाव काढलं की समोरचा जास्त घाबरतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. नुसत्या भिंतीवरून कसं सांगू?” मग ते माझ्याकडे वळले. “ती तुला खोटं बोलली, कारण तू घाबरशील असं तिला वाटलं. विचार कर. ती तिथे आहे, आणि तू इथे.”

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, “तुझा लॅपटॉप दे.” आयुष्यभर कुणाच्या भानगडीत न पडलेले माझे बाबा. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तुम्ही लिहायला लागलात. मी टाइप करते म्हटलं, तर मान हलवलीत. तुम्ही काय लिहिलंत ते मला जवळजवळ पाठ आहे. मी हिचा बाप आहे, डॉक्टर आहे, असं आधी लिहिलंत. माझ्याही भिंतीवर एकदा लिहिलं होतं, मी ते पुसलं आणि तिथेच राहिलो, तेव्हा राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, असं लिहिलंत. मी पहिल्यांदाच ती गोष्ट तुमच्याकडून ऐकत होते, तीही तुमच्या खांद्यावरून वाकून, परक्या मुलीला लिहिलेल्या मेलमध्ये. पुढे होतं, ‘पण मला ते फक्त घाबरवत होते. घाबरवणारे आणि मारणारे यांतला फरक लांबून कळत नाही, आणि जवळून कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. ज्यानं तुझं चित्र काढलं तो मित्र असो की शत्रू, त्याचं म्हणणं एकच आहे. त्याचं ऐक. आईला घेऊन निघ. चित्रं इथे आमच्याकडे सुरक्षित आहेत, त्यांची काळजी करू नकोस.’ खाली तुम्ही तुमचं पूर्ण नाव घातलंत, पुढे डॉक्टर लावून, जसं सर्टिफिकेटवर घालायचात.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. मी कामावर आल्या आल्या मेल बघायचे, जेवायच्या सुट्टीत बघायचे, घरी जाऊन पुन्हा बघायचे. बातम्यांत बगदाद आलं की मी आवाज मोठा करायचे आणि बॉम्ब कुठल्या भागात फुटला ते सांगण्याआधी कानांवर हात ठेवायचे. मला तिच्या गल्लीचं नाव माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सुरुवातीला मला ते शहाणपण वाटलं होतं. आता वाटत होतं की ती नाहीशी झाली तर कुठे नाहीशी झाली हेसुद्धा मला कळणार नाही.

त्यातच प्रदर्शनाचा दिवस आला. पाठमोरी मुलगी लावायची नाही, असं मी सांगितलं. मॅनेजर म्हणाली, तेच तर सगळ्यात स्ट्राँग चित्र आहे. तिचं चुकत नव्हतं, पण ते चित्र त्या मुलीचं नव्हतंच, तिच्यावर ज्यानं डोळा ठेवला त्याचं होतं. मी प्रिंट गुंडाळून घरी नेला. उद्घाटनाला गर्दी बरी होती. एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता, त्याला तिचं नाव हवं होतं आणि बेकरीच्या गल्लीचा तो मोठा फोटो, ज्यात मागे मशिदीचा घुमट दिसतो आणि गल्ली ओळखता येते. “लोकांना माणूस दिसला पाहिजे,” तो म्हणाला. तुम्ही सूट घालून आला होतात. बेकरीच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिलात, आणि त्यानं कॅमेरा वर केला तरी हलला नाहीत.

“प्लीज, सर, एक मिनिट बाजूला होता का?”

“नाही,” तुम्ही शांतपणे म्हणालात. “माझाच फोटो घ्या. मी पण माणूस आहे.”

त्यानं घेतला. छापला मात्र नाही. एका म्हाताऱ्या इंग्लिश बाईनं तुम्हाला विचारलं, ही मुलगी जिवंत आहे ना? तुम्ही म्हणालात, “वुई आर वेटिंग टु हिअर.” त्या बाईनं तुमचा दंड धरला आणि तशीच उभी राहिली. तुमचा चेहरा मला दिसत होता. गॅरेजच्या भिंतीशी पाहिला होता तोच, फक्त केस पांढरे.

त्यानंतर महिनाही गेला नाही आणि तुमच्या छातीत दुखायला लागलं. तुमच्याच हॉस्पिटलात तुम्ही पेशंट म्हणून झोपलात. सगळ्या मशिन्सचे आकडे तुम्हाला वाचता येत होते, हे मला फार भयंकर वाटायचं. नर्सनं काही लपवायची सोयच नव्हती. मी आले की तुम्ही ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करायचात. “मेल?”

“नाही बाबा.”

“निघाली असेल तर रस्त्यात कुठून मेल करेल? निघालीच असेल.” मग मास्क लावून डोळे मिटायचात. शेवटच्या संध्याकाळीही इतकंच बोलणं झालं. तुम्ही आईला चष्मा सांभाळून ठेवायला सांगितलंत, मला म्हणालात, “कोट घाल, बाहेर गार आहे,” आणि सकाळी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. मेलमध्ये तिचं नाव होतं. तो उघडायला मला किती वेळ लागला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मेल दुसऱ्या कुणी केला असेल, तिच्या भावानं, काकूनं, असं वाटून मी नुसतीच त्या नावाकडे बघत बसले होते.

ती सीरियात, दमास्कसला होती, बाबा. आई बरोबर होती. तुमचा मेल वाचला त्याच दिवशी तिनं तो आईला अरबीत वाचून दाखवला. त्या ओळीचा खरा अर्थ तिनं आईपासूनही लपवला होता. आईनं ऐकलं, उठली आणि कपडे भरायला लागली. दुसऱ्या दिवशी दोघी एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर निघाल्या. वाटेत हायवेवर तोंडं झाकलेल्या माणसांनी गाडी थांबवली आणि पुढच्या गाडीतल्या दोघांना उतरवून घेतलं. यांना जाऊ दिलं. का, ते तिला कधीच कळलं नाही. सीमेवर कितीतरी दिवस अडकल्या, मग दमास्कसमध्ये एका खोलीत सात जणांबरोबर. पुढे तिला स्वीडनमध्ये आसरा मिळाला. तिथे ती शाळेत ड्रॉइंग शिकवते, तिला दोन मुलगे आहेत.

आणि ते चित्र कुणी काढलं, तेही बऱ्याच वर्षांनी तिला बगदादमध्येच राहिलेल्या तिच्या मावशीकडून कळलं. त्याच गल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा होता. चेहरे काळे करणारी माणसं त्याच्याकडे आली होती. हे काम कुणाचं, तू पेंटर आहेस, तुला हात ओळखता येईल, असं म्हणाली. त्यानं माहीत नाही म्हणून सांगितलं. त्याला अर्थातच माहीत होतं, त्याचं दुकान भिंतीसमोर होतं. तिच्या घरी जाऊन सांगितलं असतं तर पाळतीवरच्या लोकांना घर कळलं असतं. म्हणून त्यानं, तिला कळेल आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही अशी खूण म्हणून, ती दुमडलेली टाच काढली. ती गेल्यावर त्याचं दुकान उघडलंच नाही. मावशीला एवढंच ठाऊक होतं. डॉक्टर अंकलना मी हे सांगितलं तेव्हा ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. तेही आता नाहीत.

तर हे असं झालं. तुमचं म्हणणं बरोबर निघालं. ती निघालीच होती.

आता आजचं. दमास्कसहून आलेल्या त्या पहिल्या मेलच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘तुझ्या बाबांना सांग, मी त्यांचं ऐकलं.’ तिनं तेव्हा घर सोडलेलं, गल्ली सोडलेली, सात माणसांत कोपऱ्यात बसून ती लिहीत होती. तिला आणखी एक मरण कसं कळवू? मी लिहिलं, ‘सांगते.’ पुढच्या ईदला तिनं विचारलं, बाबा कसे आहेत? मी लिहिलं, बरे आहेत. मग दर ईदला ती विचारते आणि मी तेच लिहिते. कधी लिहिते गुडघे दुखतात, कधी लिहिते आईशी वाद घालतात. तुम्ही आता ऐंशी पार केली आहेत, बाबा, आणि तुम्हाला डायबिटीस झालाय.

काल तिचा मेल आला. मोठा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला, त्याला आपण इथवर कसे आलो ते ऐकायचंय. तिला त्याच्याबरोबर व्हिडिओ कॉल करून, एकदा तुमच्याशी बोलायचंय. नुसतं थँक यू म्हणायचंय, म्हणाली, त्यांना त्रास होणार नसेल तर.

मी सकाळपासून तिला उत्तर लिहायला बसले आहे. तिला काय वाटेल याची भीती आहेच, पण खरी भीती ती नाही. साऱ्या जगात ती एकटीच आहे जिला वाटतं की तुम्ही साउथहॅम्प्टनच्या घरी किचनमध्ये बसला आहात, आणि तुम्ही तिथे नाही, हे मला तिला सांगायचं नाहीये.